पडद्याअलीकडून

१

"नाव पुकारायचं, 'आहे' असं ऐकायचं, शिक्का मारायचा आणि निघायचं. पडदा सारायचा नाही. का, ते विचारायचं नाही."

हेडक्लार्कनी हे मला नोकरीच्या पहिल्याच दिवशी सांगितलं. डबा कुठे ठेवायचा हे सांगावं तितक्या सहज.

मी लगेच विचारलं, "का?"

खोलीतली चार डोकी एकदम वर झाली. मग चारही खाली गेली. कागदांचा आवाज पुन्हा सुरू झाला.

आमचा कक्ष हयातीच्या दाखल्यांचा. सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या प्रत्येक माणसाने वर्षातून एकदा आपण जिवंत असल्याचं दाखवायचं असतं. चालता येतं ते खिडकीपाशी येतात, आम्ही चेहरा आणि फोटो ताडून पाहतो. अंथरुणाला खिळलेल्यांच्या घरी आम्हाला जावं लागतं. त्याला गृहभेट म्हणतात. नवीन माणसाच्या गळ्यात गृहभेटीच पडतात, कारण जुन्यांचे गुडघे दुखतात. हयातीच्या कक्षात सगळ्यांचेच गुडघे दुखतात.

"सर, अर्जावर तर छापलंय," मी म्हटलं. "'वरील व्यक्ती माझ्या समक्ष हयात असल्याचे प्रमाणित करते.' समक्ष म्हणजे डोळ्यांसमोर ना? मग पडद्याआडून कसं?"

"कॉलेज संपून किती दिवस झाले?" हेडक्लार्कनी चष्मा पुसत विचारलं.

"पाच महिने."

"तरीच." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "अगं, अंथरुणावरचा माणूस. अंगावर धड कपडे नसतात. पाठीला जखमा असतात. कुणी परक्याने येऊन टक लावून बघावं असं तुझ्या घरच्या माणसाला वाटेल का? त्याची अब्रू राखायची म्हणून पडदा. तुझ्या वडिलांनी याच खुर्चीवर बसून एकतीस वर्षं हेच केलं. त्यांनी कधी 'का' विचारलं नाही."

वडिलांचं नाव काढलं की मी गप्प बसेन, हे त्यांना ठाऊक होतं. आणि मी बसले. अब्रूचं कारण मला पटलंही होतं. पटल्याची मला आजही लाज वाटते.

२

माझ्या सोबतीला शिपाईमामा असायचे. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत शिक्का, शाईची गादी आणि अर्ज. निवृत्तीला दोन वर्षं उरलेला, काटकुळा, तोंडाने अखंड चालणारा माणूस.

"आपलं काम सोपं," पहिल्याच जिन्यात ते म्हणाले. "डॉक्टर विचारतो, 'कसे आहात?' आपण निम्मंच विचारायचं. 'आहात?'"

मी हसले. तेव्हा हसू येत होतं.

पहिलं घर पाणीपुरवठ्यातल्या पंपचालकाचं. चौथा मजला, पुसून लख्ख केलेली फरशी, सुनेने आधीच पुढे करून ठेवलेली खुर्ची. आतल्या खोलीच्या दाराला जाड निळा पडदा. मी अर्जावरचं पूर्ण नाव मोठ्याने वाचलं. मग आत कुणीतरी श्वास घेतला. खूप वेळ पाण्याखाली राहून वर आलेला माणूस घेतो, तसा एकच लांब श्वास.

"आहे मी. इथेच आहे."

कोरडा, सपाट आवाज. शेवटी टाळ्यापासून जीभ सुटल्याचा बारीकसा टक्. मी शिक्का मारला. सुनेने सही केली. मामा जिना उतरायला लागलेही होते.

दुसरं घर सरकारी शाळेतल्या मुख्याध्यापिकेचं. तिथला पडदा फुलाफुलांचा. तिच्या भावाने मला पाणी दिलं आणि माझं पिऊन होईपर्यंत पेल्याकडे बघत उभा राहिला. मी नाव वाचलं.

तोच लांब श्वास. "आहे मी. इथेच आहे." आणि टक्.

म्हातारपणी सगळ्यांचे घसे सुकतात, मी स्वतःला सांगितलं. बाई काय, पुरुष काय, आवाज एकसारखाच होत जातो. दातांच्या कवळीनेही असा टक् होत असेल. तिसरं घर टपालवाल्याचं. तिथेही तेच दोन शब्दांचे दोन तुकडे, तितकंच अंतर, तोच टक्.

"मामा," मी रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "पंपाच्या घरघरीत चाळीस वर्षं ओरडून बोललेला माणूस आणि वर्गात कविता शिकवलेली बाई. दोघांचा आवाज अगदी एक?"

मामांनी पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"ऊन फार आहे," ते म्हणाले. "चल, सावलीने जाऊ."

३

निवृत्त झालेल्या बाबांना आठ महिन्यांपूर्वी झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, हालचाल थोडी सुधारेल, बोलणं नाही. बाबा शुद्धीत होते, सगळं समजत होतं. पापणी एकदा मिटली की हो, दोनदा मिटली की नाही. या दोन शब्दांवर आमचं घर चाललं होतं. आई भाजी कुठली करू तेही त्यांनाच विचारायची आणि मग स्वतःच्या मनाचीच करायची. "पन्नास पापण्या मिटवल्यात तरी भोपळाच होणार आहे," असं म्हणायची. बाबांच्या ओठाचा डावा कोपरा हलायचा. ते हसणं होतं. ते हसणं पाहायला मी ऑफिसातून धावत घरी यायचे.

त्या दिवशी मी त्यांच्या पलंगावर बसले, पाय चेपता चेपता विचारलं, "बाबा, तुम्ही कधी गृहभेटीला पडदा सारून पाहिलंत?"

पापणी दोनदा मिटली. नाही.

"सगळ्या घरांतून एकच आवाज येतो?"

बाबांनी डोळे मिटले. एकदाही नाही, दोनदाही नाही. मिटले ते मिटलेच. मी वाट पाहिली. मला लहानपणीची एक गोष्ट आठवली. गृहभेटीच्या दिवशी बाबा घरी आले की बूटही न काढता आधी रेडिओ लावायचे, इतका मोठा की शेजारी भिंत वाजवायचे. जेवण होईपर्यंत तो बंद करू द्यायचे नाहीत. आई म्हणायची, थकलेत. आम्हाला तेव्हा वाटायचं, बाबांना गाणी फार आवडतात.

मी उठायला गेले तर त्यांच्या डाव्या हाताने माझं मनगट धरलं. नखं रुतली. त्यांनी डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. मला काहीतरी नेमकं विचारायला हवं होतं, हो-नाहीत उत्तर देता येईल असं. तो प्रश्न मला सुचला नाही.

४

तिसऱ्या आठवड्यात मी ठरवून एक लबाडी केली.

घर एका आरेखकाचं होतं. आयुष्यभर त्याने सरकारी रस्त्यांचे नकाशे काढले होते. बैठकीच्या खोलीत काचेच्या चौकटीत एक टांगलेलाही होता. मुलगा आणि त्याची बायको समोर बसले होते. मी अर्ज उघडला आणि त्यावरचं नाव वाचण्याऐवजी मनातलं भलतंच एक नाव पुकारलं. जगात नसलेल्या माणसाचं.

आत लांब श्वास. "आहे मी. इथेच आहे."

टक्.

मी मुलाकडे पाहिलं. आपल्या बापाचं नाव चुकलं हे त्याला कळलं नसेल? तो गुडघ्यावरचा न दिसणारा कण झटकत होता. त्याची बायको माझ्या हातातल्या शिक्क्याकडे बघत होती. मामा कुजबुजले, "मार शिक्का, पोरी. उशीर होतोय."

मी दुसरं नाव पुकारलं. तेही खोटं.

"आहे मी. इथेच आहे."

मी उठले आणि पडदा सारला.

खोली स्वच्छ होती. खिडकीतून दुपारचं ऊन पलंगावर पडलं होतं. पलंगावर पांढरी चादर, चारी बाजूंनी गादीखाली दाबून खोचलेली, उशीवरूनही ओढून घेतलेली. खाली कुणीही नव्हतं. माणूस सोडा, उशीला खळगासुद्धा नव्हता. मला आधी सुटल्यासारखं वाटलं. कुणीतरी टेप लावून ठेवलीय, एवढंच, असं वाटलं.

मग उशीच्या जागी चादरीवर ओला डाग दिसला. लहान, गोल. मी बघत असताना तेवढाच कपडा आत ओढला गेला. लांब श्वास घेतल्यासारखा. आणि बाहेर आला.

मामांनी मला मागे खेचलं. पडदा कुणी लावला ते मी पाहिलं नाही. अर्जावर शिक्का मारलेला होता. माझ्या हाताने की त्यांच्या, तेही मला सांगता येणार नाही.

५

जिन्यात मी कठड्याला धरून बसले. मामा एक पायरी खाली उभे राहिले.

"किती वर्षं?" मी विचारलं.

"त्या घरात? सहा."

"पेन्शनसाठी करतात?"

"छे. त्या पोराचा पगार बापाच्या पेन्शनच्या तिप्पट आहे. निम्म्या घरांना गरजच नाही गं." ते पिशवीचा पट्टा पिळत होते. "घरच्यांना सोपं जातं. माणूस गेला म्हणायला नको. रडायला नको. रोज एकदा हाक मारायची, तो आहे म्हणतो. एवढ्यावर माणसं जगतात."

"कोण 'आहे' म्हणतो, मामा?"

"ते मी कशाला बघू?" ते चिडले. "तुझ्या वयाला सगळं उघडूनच बघायचं असतं. आम्ही नाही बघितलं, म्हणून तर चाळीस वर्षं रात्री झोपलो."

मी थेट हेडक्लार्कच्या टेबलापाशी गेले. जे पाहिलं ते सगळ्यांसमोर सांगितलं. कुणी पेन खाली ठेवलं नाही. शेजारच्या टेबलावरचे एक जण तर दात कोरत राहिले.

"आजवर एक तक्रार नाही," हेडक्लार्क म्हणाले.

"तक्रार कोण करणार? चादर?"

"जीभ आवर."

"सर, ती माणसं आधी तिथे होती ना? कधीतरी खरीखुरी आजारी माणसं त्या पलंगांवर होती. मग ती गेली कुठे? मेल्यावर हा आवाज आला, की आवाज आल्यावर ती..."

मी वाक्य पुरं केलं नाही. हेडक्लार्कनी पुढ्यातली यादी माझ्याकडे फिरवली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. माझ्या बाबांचं नाव. गुरुवार, सकाळी अकरा.

"तुझ्या घरची भेट मी स्वतः घेणार आहे," ते म्हणाले. "घरच्यांपैकी तू सही कर. वडिलांसाठी एवढं करशील ना?"

"बाबांना बोलता येत नाही," मी म्हटलं. "पडदाही नाही आमच्याकडे. तुम्हाला आत येऊनच बघावं लागेल."

"बघू," ते म्हणाले.

संध्याकाळी घरी गेले तर काका स्टुलावर उभे होते. दातांत दोन स्क्रू धरून बाबांच्या दारावर पितळी दांडी बसवत होते. आई खाली पडदा घेऊन उभी होती. नवा, दुकानाचा वास असलेला.

"वारा लागतो गं त्यांना," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

मी स्टूल धरून हलवलं. काका उतरले, पण दांडी बसली होती. मी पडदा ओढून काढला, आईने तो पुन्हा लावला. तीन दिवसांत मी तो चार वेळा काढला. रात्री मी बाबांच्या खोलीत जमिनीवर झोपायला लागले आणि त्यांचे श्वास मोजत राहायचे. ते आखूड होते, घरघरणारे. ते त्यांचेच होते.

६

गुरुवारी सकाळी मी बाबांना पेज भरवली, दाढी केली. गालाला साबणाचा फेस राहिला होता तो पुसताना विचारलं, "बाबा, मी तुम्हाला सोडून कुठेही जात नाही आज. कळलं?"

एकदा पापणी. हो. आणि ओठाचा डावा कोपरा.

साडेदहाला आईच्या लक्षात आलं की ओळखपत्राची प्रत काढलेली नाही. काकांना दुकान ठाऊक नव्हतं. काकूंचे गुडघे दुखत होते. "कोपऱ्यावर तर जायचंय," आई म्हणाली. "मी बसते त्यांच्यापाशी. मी त्यांची बायको आहे गं, कुणी परकी आहे का?"

या वाक्यापुढे मी हरले. धावत गेले. यंत्रात कागद अडकला होता. दुकानदाराने झाकण उघडून तो सावकाश सोडवला. पंचवीस मिनिटं लागली.

परत आले तेव्हा सगळे बैठकीच्या खोलीत होते. हेडक्लार्क, मामा, काका, काकू. आईसुद्धा. प्रत्येकाच्या हातात कपबशी. पडदा लावलेला.

"तू त्यांच्यापाशी बसणार होतीस," मी म्हणाले.

"पाहुणे आले ना," आई म्हणाली.

मी पडद्याकडे निघाले तर काकांनी वाटेत खुर्ची सरकवली. "जरा दम धर. आधी सरकारी काम होऊ दे. दोन मिनिटांचा तर प्रश्न आहे."

हेडक्लार्कनी बाबांचं पूर्ण नाव वाचलं.

आतून काही आलं नाही. मी मनात म्हणत होते, गप्प राहा बाबा. तुम्हाला बोलता येत नाही, तेच बरं आहे. एक कावळा खिडकीच्या गजावर बसून उडाला. काकूंचा कप बशीवर किणकिणला.

मग लांब श्वास.

"आहे मी. इथेच आहे."

टक्.

"आला की गं!" काका ओरडले. त्यांच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. "दादाचा आवाज परत आला! डॉक्टरला काय कळतंय!"

"मी म्हणतच होते," काकू म्हणाल्या.

आई दोन्ही हातांनी तोंड झाकून हसत होती, की रडत होती. हेडक्लार्कनी अर्ज माझ्यापुढे ठेवला, पेनाचं टोपण काढून पेन हातात दिलं. "समक्ष," त्यांनी बोटाने दाखवलं. "इथे."

"हा बाबांचा आवाज आहे?" मी विचारलं.

"आजारपणात बदलतो आवाज," काका म्हणाले.

"काका, तुम्ही एका ताटात जेवलात त्यांच्याबरोबर. तुम्ही सांगा. मामा, तुम्ही सांगा, हा आवाज कितव्यांदा ऐकताय? सकाळी माझा बाप या खोलीत होता. मी त्याची दाढी केलीय. या पंचवीस मिनिटांत आत कुणी गेलं का? कुणी साधं डोकावलं का?"

"तमाशा करू नकोस," हेडक्लार्क म्हणाले. "सही कर, संपव. तुझ्या आईकडे बघ जरा."

मी आईकडे बघितलं. ती माझ्यापाशी आली, माझा पेनाचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिचे हात कपामुळे गरम होते.

"नको ना बघूस," ती अगदी हळू म्हणाली. "आठ महिने मी वाट बघतेय त्यांनी एक शब्द बोलावा म्हणून. एकच. आता बोललेत. तू पडदा सारला नाहीस तर ते आहेत. मला तेवढं पुरेल गं. तुझं लग्न होईल, तू जाशील. मी या घरात कुणाला हाक मारू?"

तिच्यावर मला ओरडता आलं नाही. बाकी सगळ्यांवर ओरडायची मी तयारी केली होती, तिच्यावर नव्हती. तिच्या हातांतून मी माझा हात सोडवला, एक एक बोट करून. पेन टेबलावर ठेवलं. अर्ज उचलला, दोनदा फाडला आणि तुकडे हेडक्लार्कच्या बशीत टाकले.

"मी सही करणार नाही," मी म्हणाले. "आजही नाही, पुढच्या वर्षीही नाही. नोकरी घ्या हवी तर. मी आता आत जाणार. बाबा असले तर त्यांचा हात धरून बसेन, त्यांनी पुन्हा कधी एक शब्द बोलू नये अशीच प्रार्थना करेन. नसले, तर ते गेले. मग आई, आपण दोघी आजच रडू. मोठ्याने रडू, सगळी इमारत गोळा होईल इतकं. पण त्या आवाजाला मी बाबा म्हणणार नाही. तुमच्यापैकी ज्याला तो त्यांचाच वाटतो, त्याने माझ्याबरोबर उठावं आणि आत यावं. चला. कोण येतंय?"

काकांनी रिकामा कप तोंडाला लावला. काकू पदराची किनार बघू लागल्या. मामांनी शाईच्या गादीचं झाकण लावलं, आवाज होऊ नये म्हणून अंगठ्याने दाबून. हेडक्लार्क बशीतल्या चहात भिजत चाललेले तुकडे पाहत राहिले.

आई शेवटी जमिनीवर बसली. ती काही म्हणेल म्हणून मी पडद्याला हात लावून थांबले.

मग मी पडदा सारला.